फाटकात न मावलेला असुर

राक्षसांची पुस्तकं वाचायला आईची ना नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की ती जेवताना वाचू नयेत, कारण मग मी ताटाकडे न बघता खात सुटते आणि पोळ्यांचा डबा रिकामा होतो. एरवी या बोलण्यावर मी खुशाल हसले असते. पण त्या वर्षी मिल बंद होती, आणि पोळ्यांवरून बोलणं निघालं की इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत सगळेच गप्प व्हायचे. अण्णा म्हणजे माझे वडील मिलमध्ये फिटर होते. मिल एकदम नाही बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग एक खातं गेलं, मग एके दिवशी भोंगा वाजला नाही. आईचं सगळं घर त्या भोंग्यावर चालायचं. कुकर कधी लावायचा, दूध कधी उतरवायचं, मला कधी उठवायचं, सगळं. भोंगा गेल्यावर तिचा हात जो चुकायला लागला तो महिना-दोन महिने चुकतच राहिला, आणि दूध उतू गेल्याचा करपट वास आमच्या घराला कायमचा चिकटला.

पुस्तकांचं सांगते. 'असुरमार' ही हिंदी पॉकेट बुकांची मालिका होती. कागद पिवळा, छपाई फिकी, आणि मुखपृष्ठावरच्या असुराचे डोळे इतके लाल, की पुस्तक उपडं ठेवल्याशिवाय मला झोप यायची नाही. चौकातल्या टेकचंदकाकांच्या टपरीत ती भाड्याने मिळायची. रजनी, तिचा जुळा भाऊ रोहित आणि खालिद नावाचा मोटार मेकॅनिक अशी तिघं त्यात होती. रजनी दिवसा टायपिंग शिकायची आणि संध्याकाळी रुळाच्या लोखंडातून घडवलेलं पातं ओढणीखाली लपवून असुर शोधायला निघायची. हे असुर जंगलात नव्हते, हीच तर त्यातली खरी गंमत. ते शहरात राहायचे. जिथली माणसं उठून गेली आहेत अशा जागेत येऊन बसायचे. बंद पडलेल्या टॉकीजमध्ये, आटलेल्या टाकीत, वर्षानुवर्षं कुलूप असलेल्या घरात. शहराचं नाव लेखकाने कधी दिलं नाही, पण त्यात टेम्पो होते, सकाळी पोहे-जलेबी होती आणि नदीचा नाला झालेला होता, तेव्हा ते इंदूरच, असं मी ठरवून टाकलं होतं. मला सगळ्यात जास्त काय आवडायचं ते सांगते. रजनी घाबरायची. प्रत्येक भागात घाबरायची, हातपाय गार पडायचे तिचे, आणि तरी जायची. मी जन्माची भित्री. घाबरूनही शूर असता येतं, ही बातमी मला त्या पुस्तकांनी दिली. आता माझी लेक मोबाइलवर असल्याच गोष्टी इंग्रजीतून वाचते आणि मला समजावून सांगायला बघते. मी ऐकून घेते.

अण्णा घरी बसायला लागल्यावर त्यांना त्या पुस्तकांचा नाद लागला, तो माझ्यामुळे. दुपारी मी शाळेतून यायची, आई शेव-टमाटर वाढायची (भाजीवाल्याकडे जाणं तिने कमी केलं होतं, आणि शेव काय, इंदुरात पाण्यासारखी मिळते), आणि अण्णा शेजारपाजारचे बिघडलेले पंखे, स्टोव्ह घेऊन बसलेले असायचे. मी मोठ्याने वाचायची. पहिल्या दिवशी ते ऐकत नाहीत असं मला वाटलं. मग मध्येच पाना खाली ठेवून म्हणाले, "टाकीत उतरली म्हणतेस ना, मग शिडी कुठली? टाकीला आतून शिडी असते का?" तेव्हापासून लेखकाची रोज हजेरी घेतली जायची. रोहित गिअरबॉक्स असा उघडू शकत नाही. खालिदला वेल्डिंग येत नाही, नुसत्या बाता आहेत. "पण पोरगी पक्की आहे," रजनीबद्दल ते म्हणायचे. "डोकं थंड आहे तिचं." आई आतून ओरडायची, "बाप-लेक दोघं लागून राहिले राक्षसांच्या मागे! एक जण तरी नोकरीच्या मागे लागा!" अण्णा हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही, कारण आईचा आवाज शेवटी शेवटी जरा फाटायचा.

नवव्या भागात कालखोर आला. बाकीचे असुर रक्त प्यायचे, हाडं फोडायचे. कालखोर काहीच करायचा नाही. तो एका बंद घंटाघरात राहायचा. त्याला पुष्कळ हात होते आणि त्या हातांनी तो जवळ येणाऱ्यांच्या डोक्यावरून कुरवाळायचा. एवढंच. माणूस खाली बसायचा, त्याला बरं वाटायचं, "थोडं थांबतो, उद्या जाईन" म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच येऊन बसायचा. घरचे शोधत यायचे तर ओळख दाखवायचा नाही. मला इतर कुठल्याही असुराची वाटली नाही एवढी याची भीती वाटली. त्या भागाच्या शेवटी रजनी स्वतःच घंटाघराच्या पायरीवर बसते आणि म्हणते, "थोड़ा सुस्ता लूँ." मग खाली छापलेलं, पुढे वाचा दहाव्या भागात. मी पुस्तक मिटलं. अण्णांनी ते घेऊन शेवटचं पान उलटून बघितलं. मग म्हणाले, "हा मरतो कसा?"

दहावा भाग काही आला नाही. मी टेकचंदकाकांच्या टपरीवर रोज जाऊन उभी राहायची. ते म्हणायचे, "बेटा, प्रेसवाला ही बैठ गया लगता है. अब सब केबल देखते हैं, किताब कौन ले?" त्यांनी स्वतःही टपरीच्या अर्ध्या भागात फोनचा बूथ काढला होता. पुढे लग्न होऊन बरीच वर्षं झाल्यावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला दहावा भाग सापडला, आणि त्यात कालखोराला विजेचा धक्का देऊन मारलं होतं. इतका राग आला मला. एवढा घोळ घालून शेवटी विजेचा धक्का!

त्याच सुमारास मामाने नोकरी आणली. माझा मामा, आईचा धाकटा भाऊ सुरेश, सांवेर रोडवरच्या पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. तिथल्या सेठला अनुभवी फिटर हवा होता. पगार मिलपेक्षा कमी, युनियन नाही, पण महिन्याच्या महिन्याला मिळणारा. मामा स्कूटर दारात चालूच ठेवून आत आला होता. "भाऊजी, सोमवारपासून या." अण्णा म्हणाले, "झांकी होऊ दे." आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. मामा म्हणाला, "भाऊजी, मिल बंद आहे. कसली झांकी?" अण्णा म्हणाले, "मिल बंद आहे. मिलवाले आहेत ना." शेवटी मामाने सेठचे पाय धरून मुदत वाढवून आणली. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फाटकावर हजर, नाही तर दुसरा माणूस तयार आहे.

बाहेरच्यांना झांकी म्हणजे काय ते सांगायला हवं. इंदुरात गणपती विसर्जनाच्या रात्री प्रत्येक मिलच्या झांक्या निघतात. मोठमोठ्या गाड्यांवर हलणारे पुतळे, देव-दानव, हजारो दिवे, आणि सगळं शहर रस्त्याच्या कडेला बसलेलं. मिलचेच कामगार महिना-महिना खपून त्या बनवायचे, आणि आपल्या मिलची झांकी पहिली यावी म्हणून एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी दोन खाती एकत्र यायची. आमच्या मिलच्या हलत्या पुतळ्यांचं काम अण्णांकडे असायचं. मिल बंद पडली तरी आवारातल्या एका शेडमध्ये झांकी बनवायची परवानगी मंडळींनी मिळवली होती, आणि लोकवर्गणीवर काम सुरूही झालं होतं. आईला भीती झांकीची नव्हती. झांकीनंतरची होती. मिलच्या गेटावर रोज माणसं जमायची. कोणीतरी सांगायचं, अहमदाबादचा सेठ मिल घेतोय, दिवाळीनंतर भोंगा वाजणार. शेजारचे तिवारीकाका हे ऐकून दुसरीकडे लागलेलं काम सोडून परत येऊन गेटावर बसले होते. "हे पण बसतील," आई मला म्हणायची. मोठ्या माणसाशी बोलावं तशी ती माझ्याशी बोलायला लागली होती, आणि त्यानेच माझा जीव अर्धा व्हायचा. "एकदा बसले की नाही उठणार. मी ओळखते ना यांना."

आणि माझ्या डोक्यात तर याहून भलतंच चाललं होतं. माणसं उठून गेलेली जागा. रोज तिथे जाणारा माणूस. "झालं की जाईन" म्हणणारा. मी नववीत होते, तशी काही खुळी नव्हते, असुर नसतात हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि अण्णांचा डबा घेऊन त्या आवारात शिरणं वेगळं. मोठं फाटक बंद असायचं. त्याच्या एका कवाडात वाकून जाण्याएवढं लहान दार होतं, त्याला सगळे खिडकी म्हणत, तिच्यातून आत जायचं. आत कधी न ऐकलेली शांतता. कबुतरं. आणि शेडमध्ये शिरले तर समोर कालखोर.

अण्णांनी कोणाला न सांगता तो बनवला होता. झांकीच्या कमिटीला वाटत होतं नरकासुर आहे. बांबूचा सांगाडा, त्यावर पोतं, त्यावर कागद, उंची शेडच्या पत्र्याला टेकलेली, आणि सगळ्या बाजूंनी हात. अण्णांनी हँडल फिरवलं आणि ते हात सावकाश खाली आले, वर गेले, परत खाली आले. झांकीचे प्रमुख रामरतन भिया (इंदुरी हिंदीत भैयाचा भिया होतो) शेजारीच उभे होते. ते डोकं खाजवत म्हणाले, "भिया, असुर तो भोत जोरदार है, पर ये मार क्यों नी रिया? ये तो लाड़ कर रिया है!" अण्णा मिश्कील हसले. "मारतो, मारतो. बघत राहा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जमला ना गं?" खूपच जमला होता. पुस्तकातल्यापेक्षा जमला होता. मला केवढा आनंद झाला, आणि त्याच वेळी त्या हातांखाली उभे असलेले अण्णा दिसले आणि मी दाराकडे सरकले. "बस जरा," ते म्हणाले, "लगेच कुठे निघालीस?" मी डबा तिथेच ठेवून पळाले. खिडकीतून बाहेर पडताना डोकं आपटलं, टेंगूळ आलं, आणि आईला मी जिन्यावरून पडल्याचं सांगितलं.

अनंत चतुर्दशी उजाडली. आईने अनंताची पूजा केली, नैवेद्य दाखवला, आणि मला डबा देऊन पाठवलं. "बघून ये सगळं ठीक आहे ना." सगळं ठीक का नसावं, हे तिने सांगितलं नाही. मी पोचले तर फाटकापुढे ही गर्दी. झांकी तयार होती. ज्या गाडीवर ती बसवली होती ती ओढायला ट्रॅक्टर आला होता. आणि मोठं फाटक उघडायचं नाही असा हुकूम होता. त्यावर सरकारी सील होतं, नवा पहारेकरी होता, त्याला झांकी म्हणजे काय ते समजतसुद्धा नव्हतं. "खिड़की से निकाल लो," तो सारखा म्हणत होता. इतक्या वर्षांत फाटक अनंत चतुर्दशीला आपसूक उघडायचं. ते कोणीतरी उघडायला सांगतं म्हणून उघडतं, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बांबू, पोती, मोटरी, दिवे, सगळं महिनाभर खिडकीतून एकेक करून आत गेलं होतं आणि आत त्याचा डोंगर झाला होता. एवढी हुशार, हाडाची कारागीर माणसं, पण बाहेर कसं काढायचं याचा विचार एकानेही केला नव्हता. आज मला याचं हसू येतं. त्या दिवशी तिथे कोणीच हसत नव्हतं.

रामरतन भिया कोणाकोणाला फोन करून आले. साहेब नाहीत, सुट्टी आहे, उद्या बघू. दुपार उलटली. मामा आला, त्याला कुठून तरी कळलं होतं. समोरच्या झाडाखाली पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. आणि मग तेच झालं ज्याला मी आत कुठेतरी भीत होते. मागून कोणीतरी ओरडलं, "ताला तोड़ दो! फिटर तो अपने पास है!" सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांच्या हातात करवत होती, लोखंड कापायची. मामा पुढे झाला. "भाऊजी, त्या सीलला हात लावू नका. केस होईल. उद्या सकाळी तुम्ही लॉकअपमध्ये आणि मी सेठला काय तोंड दाखवू? ताईला काय सांगू?" अण्णांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते खिडकीतून आत गेले आणि आतल्या बाजूने फाटकापाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे आत शिरले, कोणी अडवलं नाही. अण्णांनी फाटकाच्या कुलूप घातलेल्या अडसरावर हात ठेवला. तो कापला तर फाटक उघडणार होतं आणि बाहेरची सगळी मंडळी त्यांना डोक्यावर घेणार होती. मग ती रात्र, मग पोलीस, मग तारखा, आणि मग जन्मभर हेच गेट. मी काहीच बोलले नाही. रजनी बोलली असती.

अण्णा वळले, शेडमध्ये गेले, गाडीवर चढले आणि करवत कालखोराच्या खांद्याला लावली.

"भिया, क्या कर रिये हो!" मागोमाग आत आलेले रामरतन भिया ओरडले. अण्णा म्हणाले, "खिडकीतून काढायचं ना? मग काढू." पहिला हात तुटून खाली आला तेव्हा तो दोघांना झेलावा लागला. मग बाकीच्यांच्या लक्षात आलं आणि सगळे तुटून पडले. कोण दोर कापतोय, कोण तारांना खुणेच्या चिंध्या बांधतोय. हात एकामागून एक खिडकीतून बाहेर गेले, आणि बाहेर मोहल्ल्यातली माणसं, बायका, केळी विकणारा, सगळ्यांनी ते हातोहात झेलून रस्त्यावर मांडले. डोकं अडकलं. ते दाबून, चेपून, एक कान फाडून काढलं. पहारेकऱ्याने शेवटी स्वतः खालून रेटा दिला. गणपती, देवी, दिवे, मोटरी, सगळं गेलं. बाहेर कुठून तरी आणलेल्या एका ट्रॉलीवर तिन्हीसांजेपर्यंत जोडाजोडी चालली. घाईत हात भलत्याच खांद्यांना बसले आणि ते एकमेकांवर आपटायला लागले, फटाफट. लोकांना वाटलं असुराने आता मारायला सुरुवात केली. टाळ्यांचा नुसता कडकडाट. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

पण जोडाजोडी सुरू व्हायच्या आधी मी शेडमध्ये परत गेले होते. अण्णा तिथे एकटेच होते. आता शेड रिकामी होती, जमिनीवर कागदाचे तुकडे आणि सुतळी. ते मोकळ्या गाडीच्या कडेला बसले होते. "अण्णा, चला ना," मी म्हटलं. ते म्हणाले, "बसतो जरा. तू हो पुढे." मी त्यांचा हात धरला आणि ओढायला लागले, लहान पोर जत्रेत ओढते तसा. "नाही. आत्ता. आत्ता चला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी का ओढतेय ते त्यांना नक्की समजलं असणार, कारण नववा भाग आम्ही दोघांनीच वाचला होता. "एवढी काय घाबरतेस," असं ते म्हणाले नाहीत. उठले. खिडकीतून वाकून बाहेर आले, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि सरळ ट्रॉलीकडे गेले. त्या वर्षी आमच्या झांकीला कसलंच बक्षीस मिळालं नाही.

ते घरी आले तेव्हा उजाडलं होतं. डोळे लाल, केसांत चमकीचा कागद. आईने पाणी काढून ठेवलं होतं. त्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, चहा घेतला. आईने डबा दिला, त्यांनी तो सायकलला अडकवला. आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की डावीकडचा रस्ता मिलच्या गेटावरून सांवेर रोडला जातो. तोच जवळचा. उजवीकडचा लांबून फिरून जातो. आई आणि मी दारात उभ्या होतो. गेटावर आतापर्यंत माणसं जमली असणार, काल काय झालं त्याच्या गप्पा चालल्या असणार, अण्णांना बघून हाका मारणार. आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतत होत्या. अण्णा कोपऱ्यावर पोचले. एक पाय टेकवला. थांबले. मला तर वाटलं झालं, संपलं. मग त्यांनी सायकल उजवीकडे वळवली आणि दिसेनासे झाले.

ज्याच्यासाठी आम्ही दोघींनी देव पाण्यात ठेवले होते ते झालं होतं. मी उडी मारायच्या बेतात होते. वळून बघितलं तर आई उंबऱ्यावर बसली होती आणि तोंडात पदर कोंबून, मयताला रडावं तशी रडत होती.

"गेटावरून गेले असते तरी चाललं असतं गं," ती म्हणाली. "एक नजर टाकायची नुसती. तेवढ्याने काही बसले नसते ते."